भांग कोणत्या बाजूला?

ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. यंदाचा एक बुधवार सावेडीतल्या एका नव्या फ्लॅटवर होता. सोफा भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरलेल्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात पेटी आणि ढोलकी, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास. दोन गीतं झाली, वचन वाचून झालं, आणि सभा घेणारे म्हणाले, "आता साक्षी होऊ द्या." एकेक जण उठून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगू लागला. एका भावांनी आपलं तारण कोणत्या तारखेला आणि किती वाजता झालं ते सांगितलं. एका ताईंच्या मुलाचा अडकलेला व्हिसा प्रार्थनेनंतर मिळाला होता. एका काकांची गाडी दौंड रस्त्यावर ट्रकखाली जाता जाता वाचली होती. सांगताना त्यांचा आवाज भरून येत होता, ऐकणारे मनापासून "आमेन" म्हणत होते. मग पाळी आली दाराशी बसलेल्या मावशींची. मावशी अर्धवट उठल्या, पदर डोक्यावर सारखा केला आणि म्हणाल्या, "मला न्हाई बोलता येत. देवाचे लई उपकार हायेत." एवढं बोलून बसल्या. सभा घेणारे वयानं तरुण होते. प्रेमानंच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मावशी, साक्ष दिल्याशिवाय विश्वास वाढत नाही हं. पुढच्या वेळी तयारी करून या." मावशींनी मान डोलावली. पेटीवर पुढच्या गीताचा सूर धरला गेला.

त्या रात्री घरी आल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. कुणी कुणाचा अपमान केला नव्हता. मावशींना वाईट वाटल्याचंही दिसलं नाही, त्या नेहमीसारख्या सगळ्यांच्या बशा गोळा करून मोरीत नेत होत्या. तरी ते "तयारी करून या" माझ्या डोक्यातून जाईना.

मावशी एका इस्पितळात आया होत्या. नोकरीतून निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. माझी त्यांच्याशी ओळख मंडळीतली, पण ती वरवरची. खरी ओळख झाली ती माझे वडील गेले त्या पहाटे. आठ-दहा दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, उशीवर घासून घासून केस मागे वळलेले, दाढी वाढलेली. शेवटी मास्क काढला तेव्हा समोर होता तो माणूस मला ओळखीचा वाटेना. सही करायची कागदं आली, फोन करायचे होते, भाऊ खाली गाडीचं बघत होता. तेवढ्यात मावशी कोमट पाण्याची बादली आणि एक जुनी पांढरी पंच्याची घडी घेऊन आल्या. पडदा ओढला. वडिलांचा चेहरा, मान, कानामागं, हाताची बोटं एकेक करून पुसली. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षरांचे खिळे जुळवून जुळवून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडला होता आणि नखाच्या कडेला शाई कायमची बसली होती. ती शाई निघणार नाही हे मला ठाऊक होतं, मावशींनाही कळलं असावं, तरी त्यांनी तो अंगठा दोनदा पुसला. मग खिशातून कंगवा काढला, पाण्यात बुडवला आणि मला विचारलं, "ताई, बाबा भांग कंच्या बाजूला पाडायचे?"

डावीकडनं, मी म्हणाले. त्यांनी भांग पाडला, दोन्हीकडचे केस हातानं बसवले, आणि माझे वडील मला परत दिसले.

पुढे कधीतरी मी त्यांच्या घरी गेले असताना हा विषय निघाला. त्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. मी विचारलं, "मावशी, तुम्ही सगळ्यांनाच असं विचारायच्या?" तर हो. सवाष्ण बाई गेली असेल तर घरच्यांना कुंकवाचं विचारायचं. मुसलमान असेल तर अंघोळ त्यांचीच माणसं घालणार, आपण नुसते डोळे मिटवून हातपाय सरळ करायचे, जास्त हात लावायचा नाही. बाळ असेल तर दुपट्यात गुंडाळताना तोंड झाकायचं नाही, आई येईपर्यंत. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं आणि त्यांच्या कामाच्या कागदात लिहिलेलं नव्हतं. "आणि ज्याचं कुणीच नसतं?" मी विचारलं. स्टेशनवर सापडलेली, रस्त्यावरून उचलून आणलेली माणसं इस्पितळात येतातच. त्यांच्या उशाशी उभं राहून भांग सांगणारं कोण? मावशी काडी मोडता मोडता म्हणाल्या, "मंग केस वले करायचे. वले केले की आपसूक पडत्यात. जल्माची सवय असती त्येंला."

साक्ष या गोष्टीबद्दल मला आकस नाही, हे आधी सांगून टाकते. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती आहोत ते कुणाच्या तरी साक्षीमुळेच आहोत. शहराचं नाव आता बदललं, पण आमच्या तोंडी ते नगरच. आमच्या खापरपणज्यांच्या काळी साक्ष देणं फुकट नव्हतं. बाप्तिस्मा घेतला की भावकी तुटायची, सोयरिकी तुटायच्या, कुणाचं वाट्याचं शेत जायचं. त्यांच्या आयुष्यात एक 'आधी' होतं आणि एक 'नंतर' होतं, आणि मधली रेघ त्यांनी स्वतः ओलांडली होती. आम्ही पाचव्या पिढीतली माणसं. तान्हेपणी बाप्तिस्मा, शब्बाथ शाळेत पाठांतर, नाताळात तारा आणि करंज्या, वयात आल्यावर दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास आपल्या तोंडानं कबूल करणं. आमच्याकडे 'आधी' नाहीच. म्हणून मग आम्ही सांगण्यासारखं काहीतरी शोधत बसतो. ट्रक, व्हिसा, ऑपरेशन. देव त्यातही असतो, मला शंका नाही. पण जे वाचले नाहीत त्यांच्याजवळ तो नव्हता का, हा प्रश्न अशा प्रत्येक सभेत माझ्या मनात उभा राहतो. ज्यांचे ट्रक चुकले नाहीत ते मावशींच्या हाताखालून गेले.

आमच्याकडच्या माणसांना एक टोमणा लहानपणापासून ऐकावा लागतो. दुष्काळात भाकरीसाठी बाटले. शाळेत मुलं म्हणायची, पुढे शिकलेसवरलेलेही सभ्य शब्दांत तेच म्हणतात. 1876 च्या आणि पुढे 1896 पासूनच्या दुष्काळांत या भागातली कितीतरी कुटुंबं मंडळीत आली हे खरंच आहे. लहान असताना मला त्याची लाज वाटायची. वडिलांना वाटत नसे. ते म्हणायचे, ज्याला भूक ठाऊक नाही त्यानं भाकरीला हिणवावं, आपण नाही. आणि मग ते रमाबाईंची गोष्ट सांगत.

पंडिता रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असतील. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव पुराण सांगत फिरणारे, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेले. दुष्काळात ते सारं कुटुंब उपाशी हिंडत होतं. वडील गेले. काही दिवसांनी आई मरायला टेकली आणि अन्न मागू लागली. रमाबाई शेजारच्या बाईंच्या दारात भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. हजारो श्लोक जिच्या जिभेवर होते त्या मुलीच्या तोंडून शब्द फुटेना, नुसता चेहराच काय ते सांगू लागला. त्या बाईनं ओळखलं आणि आतून बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणून दिला.  तो घेऊन रमाबाई धावत आईकडे आल्या, पण खाण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. हे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मी ते मोठेपणी वाचलं. वडिलांनी सांगितलं होतं तसंच ते निघालं, फक्त वडील सांगताना मधेच थांबायचे, ते तिथं नाही.

त्यानंतर काही वर्षांत हीच मुलगी कलकत्त्याच्या विद्वानांपुढे संस्कृतात बोलली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' झाली. बोलण्याचं सामर्थ्य तिच्याइतकं त्या काळात फार थोड्यांकडे होतं. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथं तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या मठातल्या भगिनींकडे ती राहत होती त्यांच्याशी लगेच वाद घालू लागली. हा सिद्धान्त मला पटवून द्या, हे मी खाणार नाही, क्रुसावर लॅटिनच का, संस्कृत का नको. एखादी गरीब नवख्रिस्ती विधवा, लेक पदरात, परक्या देशात, दुसऱ्याच्या छपराखाली, आणि तरी मान वाकवत नाही. मला ती तिच्या तिथल्या पत्रांमधून फार आवडते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तिनं पुढे दिलेलं एक वेगळंच निवेदन. ती म्हणते की बाप्तिस्मा झाला तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, तो सापडायला आणखी जवळपास आठ वर्षं गेली. विचार करा. या आठ वर्षांत तिनं अमेरिका पालथी घातली, भाषणं केली, पैसे उभे केले, 1889 साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. जगाच्या दृष्टीनं तिची साक्ष केव्हाच देऊन झाली होती. तिच्या स्वतःच्या लेखी मात्र ती अजून वाटेवर होती.

मग पुन्हा दुष्काळ आला. 1896-97 साली मध्य प्रांतातल्या बायका-मुलींची दशा कळल्यावर रमाबाई तिकडे गेल्या. सदन तोवर पुण्याला हलवलेलं, पण पुण्यात तेव्हा प्लेगाची धास्ती, एवढ्या मुली शहरात ठेवायला परवानगी मिळेना. म्हणून केडगाव. आमच्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडकडून पुण्याला जाताना लागतं ते. तिथं त्यांनी आधीच जमीन घेऊन फळझाडं लावली होती. त्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तर तिथल्या मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. दोन हजार म्हणजे रोज किती भाकऱ्या, किती पाणी, किती उवा, किती खरूज, रात्री भिऊन उठणाऱ्या किती पोरी, याचा हिशेब मी कधी कधी मनात करून बघते आणि मधेच सोडून देते. विणकाम, शेती, गाईम्हशी, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल, आणि छापखाना. दारात तोंडून शब्द न फुटलेली मुलगी हजारोंना वाढत राहिली, आणि ज्या भाकरीवरून आम्हाला हिणवतात तीच भाकरी तिथं रोज भाजली गेली. ती वाढणारीला आणि खाणारीला दोघींनाही ठाऊक होतं की भाकरी आणि देव हे दोन वेगळे विषय नाहीत. ख्रिस्तानं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली जाते ती काही उगीच नाही.

छापखान्याचं वडील फार कौतुकानं सांगत. शेवटची पंधराहून अधिक वर्षं रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करत बसल्या होत्या. त्या भाषा त्या उतारवयात शिकल्या. हेतू एवढाच की पहिलं पुस्तक वाचणाऱ्या खेड्यातल्या बाईला ते कळावं. आणि ते छापायचं कुणी, तर मुक्तीतल्या मुलींनीच. ज्यांनी हाताखाली खिळ्यांची केस घेऊन काम केलंय त्यांनाच यातली मेहनत कळेल, असं वडील म्हणत. एक एक अक्षर खणातून उचलायचं, उलटं वाचायचं, वेलांटी-उकार वेगळे बसवायचे, ओळ घट्ट करायची, प्रूफ काढायचं, चूक निघाली की पुन्हा सगळं सोडवायचं. "पुस्तक वाचणाऱ्याला अक्षर दिसतं, जुळवणाऱ्याला वजन कळतं," हे त्यांचं वाक्य. 1921 साली रमाबाईंची मुलगी मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं तीच आधी गेली. तरी भाषांतर थांबलं नाही. ते हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं ते 1924 मध्ये, त्यांच्या पश्चात.

आणि ते फारसं वाचलं गेलं नाही.

आमच्या मंडळ्यांमध्ये दुसरंच भाषांतर रुळलं होतं, तेच राहिलं. रमाबाईंचं भाषांतर मुळाला इतकं धरून आहे की वाक्यं काही ठिकाणी अडतात. मला हे लिहितानाही टोचतं. एका असामान्य बुद्धीच्या बाईनं आयुष्याच्या अखेरीची एवढी वर्षं ज्या कामाला दिली, त्याचं फळ म्हणावं असं तिच्या डोळ्यांपुढे काही आलं नाही आणि नंतरही बेतानंच आलं. यशाच्या मापानं मोजायचं तर ती वर्षं वाया गेली म्हणावी लागतील. पण मला तसं मुळीच वाटत नाही. पहाटे उठून कोशात शब्द शोधणाऱ्या, एका मुलीला जुळारी म्हणून तयार करणाऱ्या, लेक गेल्यावर पुन्हा त्याच पानाशी येऊन बसणाऱ्या त्या बाईचा जो स्वभाव त्या वर्षांत घडला असेल, तो कुठल्या भाषणानं घडला असता? आपण चारित्र्य म्हणतो ते बहुधा अशा लांबच लांब, कुणी न बघितलेल्या पट्ट्यात तयार होतं. बाप्तिस्म्याची तारीख सांगता येते, त्याची सांगता येत नाही.

आमच्या नगरात असा एक पट्टा सिंथिया फरार बाईंचा. 1827 साली अमेरिकेहून एकटी मुंबईला आलेली ही अविवाहित बाई पुढे नगरला आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि 1862 साली इथंच वारली. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं काम शिकल्या त्या यांच्या हाताखाली, एवढ्यावरून त्यांचं नाव आज कुणी घेतं. बाकीच्या वर्षांत काय होतं? रोज घरोघर जाऊन मुली गोळा करणं, आणि लग्न ठरलं की त्या शाळेतून जाताना बघणं. साक्षीच्या सभेत सांगण्यासारखं यात काय आहे?

मात्र शब्द खोटे आणि काम खरं, असं म्हणायला मी धजत नाही. नारायण वामन टिळक आठवतात. टिळक शब्दांचे धनी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो असं सांगणारा हा कवी 1895 साली ख्रिस्ती झाला. घर फुटलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, सोवळं सांभाळत, रडत, चिडत. त्यांचं मन वळलं ते उपदेशानं नव्हे. जातीपाती माणसांनी केल्या, देवानं नाही, हे त्यांचं त्यांनाच एके दिवशी लख्ख पटलं आणि त्यांनी आधी सोवळं सोडलं, बाप्तिस्मा नंतर, 1900 साली. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. आला की गरजवंताकडे जायचा. 1917 मध्ये तर मिशनचा पगारच सोडून ते साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडून बसले, बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही त्यात जागा होती. तो सगळा काळ चूल पेटती ठेवली ती लक्ष्मीबाईंनी. वाचायच्या माझ्या वयात मला टिळक थोर वाटायचे आणि लक्ष्मीबाई गमतीदार. आता घर चालवून झाल्यावर मला त्या दोघांत कोण अधिक विश्वासानं जगलं हे ठरवता येत नाही. टिळकांनी अर्धं सोडलेलं ख्रिस्तचरित्राचं काव्य 'ख्रिस्तायन' पुढे लिहीत नेलं तेही याच बाईनं, जिला अक्षरओळख लग्नानंतर झाली.

पण टिळकांची गीतं नसती तर? आमच्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली कितीतरी गीतं त्यांची आहेत, आणि मावशींना त्यातली बरीच पाठ आहेत. पुस्तक हातात नसतं, चष्मा घरी राहिलेला असतो, तरी त्या तिसऱ्या-चौथ्या कडव्यापर्यंत न अडखळता म्हणतात, जिथं आम्ही शिकलेले नुसते ओठ हलवतो. माझ्या वडिलांना पुसत होत्या तेव्हाही त्यांच्या घशातल्या घशात एक चाल चालू होती. मला ती ओळखू आली, टिळकांचीच होती. म्हणजे स्वतःचं काही बोलता न येणाऱ्या बाईच्या तोंडी कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी शब्द घालून ठेवले होते, तिच्या बोलीच्या जवळचे, अभंगाच्या वळणाचे, दळताकांडता म्हणता येतील असे. टिळकांनी ते जाणूनबुजून केलं. रमाबाईंना तेच करायचं होतं. इंग्रजी चालीवर ओढून बसवलेले शब्द त्यांच्या काळातही होते, त्यावर भागवता आलं असतं. म्हणून मला शब्दांवर रागावता येत नाही. एवढंच वाटतं की शब्द ज्यांच्यासाठी घडवले गेले, त्यांनाच आम्ही आता शब्दांची परीक्षा द्यायला उभं करतोय.

शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसाचा एक प्रसंग आहे, सगळ्या ख्रिस्ती मुलांना पाठ असलेला. मी भुकेला होतो, मला खायला दिलंत. मी आजारी होतो, माझ्याकडे आलात. या प्रसंगात मला नेहमी थांबवते ती त्या नीतिमान माणसांची प्रतिक्रिया. ते म्हणत नाहीत की हो प्रभू, आठवतंय. ते गोंधळतात आणि विचारतात, आम्ही तुला कधी पाहिलं? त्यांना खरोखरच ठाऊक नाही. त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं, अगदी देवापुढेसुद्धा. आणि मार्काचं शुभवर्तमान त्याहून पुढे जातं. पुनरुत्थानाच्या पहाटे कबरीकडे कोण निघालं, तर सुगंधी द्रव्यं घेतलेल्या तीन बाया. शिष्य दारं लावून बसलेले, आणि या मेलेल्या माणसाच्या अंगाला तेल लावायला चाललेल्या, धोंड कोण लोटणार हेसुद्धा ठरवलेलं नाही. मेलेल्याला त्याचा काय उपयोग? काहीच नाही. उपयोगाचं नसलेलं ते काम करायला निघाल्या म्हणूनच त्या तिथं होत्या. आणि मग? सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान जिथं संपतं, तिथं या बाया घाबरून पळतात आणि कुणालाही काही सांगत नाहीत. ख्रिस्ती विश्वासाच्या पहिल्या साक्षीदार, आणि त्यांना बोलता आलं नाही. रमाबाई त्या दारात उभ्या राहिल्या होत्या तशाच. दर वर्षी ईस्टरच्या पहाटे आम्ही कब्रस्तानात मेणबत्त्या घेऊन उपासनेला जातो तेव्हा हा भाग वाचला जातो, आणि बहुतेक वेळा वाचणारे पुढच्या ओळी जोडून घेतात, म्हणजे शेवट गोड होतो. मला ते न जोडलेलं वाचन आवडतं.

दृढीकरणाचा वर्ग काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलं, उंची वाढलेली, आवाज फुटलेले, मन मोबाइलमध्ये. दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभुभोजनाचा अर्थ हे सगळं होतंच. यंदा त्यांना घेऊन मी केडगावला गेले. मुक्ती सदनाच्या आवारात झाडांची गार सावली आहे. आम्ही रमाबाईंच्या कबरीपाशी उभे राहिलो. मी मुलांना बाजरीच्या भाकरीची गोष्ट सांगितली, वडिलांसारखीच मधेच थांबत. परतीच्या गाडीत एका मुलीनं विचारलं, "मिस, एवढं करून त्यांचं बायबल आपण वाचतच नाही, मग त्यांना काय मिळालं?" मी तिला आया मावशींचं आणि भांगाचं सांगितलं. उत्तर म्हणून नव्हे, उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण तेच आठवलं. ती थोडा वेळ खिडकीबाहेर ऊस बघत राहिली आणि म्हणाली, "मग त्यांना आपल्या वर्गाला बोलवा ना."

मावशी आधी नाहीच म्हणाल्या. मला काय येतं पोरांना सांगायला? मी म्हटलं, सांगू नका, अंथरुणातल्या पेशंटची चादर कशी बदलायची तेवढं दाखवा. ते मात्र त्यांना पटलं. गेल्या रविवारी उपासनेनंतर वर्गात दोन बाकं जोडून त्यावर गादी टाकली. एका दांडग्या मुलाला झोपवलं. मावशींनी पदर खोचला आणि त्यांचा आवाजच बदलला. चादर लांबीच्या अंगानं अर्धी गुंडाळून घ्यायची, पेशंटचा पलीकडचा गुडघा मोडायचा, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि ओढायचं नाही, आपल्याकडं वळवायचं. जखम कुठं आहे ते आधी बघायचं. सुरकुती ठेवायची नाही, सुरकुतीनं पाठ फुटते. मुलं गोल करून उभी होती, वाकून बघत होती. एका मुलीनं त्या मुलाच्या खांद्याला हात घातला तशी मावशींनी तिचं मनगट धरलं. "थांब. आदी सांग त्येला. दादा, आता कूस बदलतीया, असं. शुद्धीत नसंल तरी सांगायचं."

तिनं सांगितलं. मुलगा हसायला लागला, चादर सुटली, आणि मावशींनी त्याला उठवून दुसऱ्याला झोपायला लावलं.